बाबांच्या नावावर उरलेली सायकल

एका पावसाळ्यात माझ्या वडिलांच्या नावावर फक्त एक सायकल उरली होती, आणि लग्न न झाल्यामुळे मी. बाकी सगळं त्यांनी पंधरा दिवसांत वाटून टाकलं होतं. वैराग्य वगैरे काही नव्हतं, ते घाबरले होते.

अंजनगावला भाड्याच्या गाळ्यात आमचं बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. ती वर्षंच वाईट होती. कपाशीनं दगा दिल्यामुळे लोक सोयाबीनकडे वळले होते, आणि त्या साली एका कंपनीचं सोयाबीन उगवलंच नाही. आमच्या दुकानातून ते नेलेल्या अकरा जणांना दुबार पेरणी करावी लागली. त्यांनी वकिलाकरवी नोटीस धाडली: भरपाई द्या, नाहीतर ग्राहक मंचात भेटू.

बाबांनी नोटीस तीनदा वाचली आणि पहिल्या एस.टी.नं अकोला गाठलं. तिथं आत्याच्या ओळखीचे एक वकील होते. त्यांनी बाबांना एकच मंत्र दिला, "जे तुमचं नाही, ते तुमच्याकडून कोणी जप्त करू शकत नाही."

बाबा परत आले ते दानशूर होऊनच. घर आईला, गोदाम मामाला, जीप आत्याला. घराच्या बक्षीसपत्रासाठी आम्ही निबंधक कार्यालयात गेलो, तेव्हा तिथल्या बाबूनं आईला विचारलं, "बाई, राजीखुशीनं घेता ना?"

"बावीस वर्सांत पयल्यांदा काही देऊन राह्यले," आई म्हणाली. "नाही कसं म्हणू बाप्पा?"

बाबू हसला. बाबा भिंतीवरचं कॅलेंडर पाहत राहिले.

पुढच्या महिन्यात त्या मंत्राची दुसरी बाजू कळली. जे तुमचं नाही, ते तुम्हालाही मिळत नाही. आत्यानं जीप कागदपत्रं करायला म्हणून अकोल्याला नेली आणि तिथंच ठेवली. बाबांनी फोन केला तर म्हणाली, "गाडी माह्या नावावर हाय ना दादा? मंग माह्या दारातच शोभते." मामानं गोदाम केळीच्या एका व्यापाऱ्याला भाड्यानं दिलं आणि आमचा सगळा माल हातगाडीवर लादून घरी पाठवला. खताच्या गोण्या बैठकीत लागल्या. सोयाबीनच्या उरलेल्या तीन सीलबंद बॅगांवर आईनं चादर टाकली, आणि येणारे-जाणारे तिच्यावर बसू लागले. घराला असा वास सुटला की पाहुणे चहा न घेताच उठायचे.

"माह्या घरात हे खत काहून हाय?" आईनं एक दिवस विचारलं.

"तुह्या घरात?" बाबा म्हणाले.

"कागद दाखवू काय?"

मी तेव्हा अमरावतीला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. एका म्हाताऱ्या वकीलबाईंच्या घरी खोली घेऊन राहत होते. त्यांनी वकिली सोडली होती, पण उलटतपासणी सोडलेली नव्हती. मी त्यांना नोटीस आणि बक्षीसपत्राची प्रत दाखवली. त्यांनी दोन्हींवरच्या तारखांवर बोट ठेवलं.

"नोटीस आली आणि नवव्या दिवशी तुझ्या बाबांना बायकोवर एवढं प्रेम आलं? कोर्टही हेच विचारेल. घेणेकऱ्याला चुकवायला केलेली असली वाटणी रद्द होऊ शकते, पोरी. संरक्षण करायचं ते वाद उभा राहण्याआधी, सरळ मार्गानं. घराला आग लागल्यावर विमा काढत नाहीत." मग चष्मा काढून त्यांनी विचारलं, "पण बी वाईट होतं ते कुणाच्या चुकीनं? कंपनीच्या ना? मग तुझे बाबा का लपून बसलेत? त्याच लॉटची न उघडलेली बॅग आहे का शिल्लक?"

"तीन आहेत," मी म्हणाले. "आमच्याकडे पाहुणे त्यांच्यावर बसतात."

"आधी पाहुण्यांना उठवा."

शनिवारी मी घरी जाऊन सगळं सांगितलं. बाबा भडकले. अकोल्याचा वकील मोठा की अमरावतीची म्हातारी? आईनं दोघांनाही विचारलं नाही. घर तिचं होतं, कोणाला बोलवायचं हे तिनं ठरवलं, आणि रविवारी सकाळी अकराही जणांना निरोप धाडला.

ते आले. बाबा आतल्या खोलीत बसून राहिले. पुढं कधीतरी त्यांनी मला सांगितलं की दोन महिने ते त्या लोकांची गल्ली टाळून लांबच्या रस्त्यानं दुकानात जायचे. वीस वर्षं ज्यांच्या शेतात हुरडा खाल्ला, त्यांना तोंड दाखवायची लाज जप्तीपेक्षा जड होती. त्या दिवशी मात्र ते एवढंच म्हणाले, "माहं डोकं दुखून राह्यलं." आई म्हणाली, "बाहेर चहासंगं गोळी देतो," आणि हाताला धरून त्यांना बैठकीत आणलं.

अकरांतले सगळ्यात वडीलधारे म्हातारे खताच्या गोण्यांवरून नजर फिरवून म्हणाले, "शेठ, आमी ऐकलं तुमी समदं वाटून टाकलं. आता तुमच्या नावावर हाय तरी काय?"

बाबांनी खाली पाहिलं. "सायकल."

"मंग अकरा जणं तिच्यावर कसे बसू आमी?"

आधी एक जण हसला, मग सगळे. बाबाही हसले, आणि हसता हसता रडले. म्हातारे जरा पुढं सरकले. मग म्हणाले, "शेठ, तुमी बी बनवत नाही, हे आमाले समजते. पन तुमी दुकान सोडून मांगच्या दारानं पळाले, त्याचा राग आला."

त्याच बैठकीत ठरलं. बाबा मंचात शेतकऱ्यांच्या बाजूनं साक्ष देतील, सीलबंद बॅगा तपासणीसाठी हजर करतील, आणि रब्बीला अकरा जणांना हरभऱ्याचं बी फुकट देतील. बाबांनी मान डोलावली. आईनं चहा दिला. वास असूनही सगळे प्याले.

तपासणीत बी निकामी निघालं. निकाल लागायला मात्र दोन वर्षं गेली. भरपाई कंपनीला द्यावी लागली. बाबांच्या वाट्याला फक्त खर्चाचा थोडा भाग आला, आणि तो त्यांनी कुरकुर न करता भरला. तोवर अकरांतला एक जण गाव सोडून सुरतेला कामाला गेला होता. त्याच्या बायकोनं मंचासमोर अंगठा उठवला आणि सरळ एस.टी. स्टँडकडे निघून गेली. त्या दिवशी जिंकल्यासारखं आम्हा कोणालाच वाटलं नाही.

मामानं खूप आढेवेढे घेऊन गोदाम परत केलं. जीप आत्याकडेच राहिली आणि तिथंच भंगार झाली. घर परत नावावर करून दे, असं बाबांनी एकदाच सुचवलं. आई भाकरी थापत होती. तिनं वर न पाहताच विचारलं, "काहून? तुमाले राहाले जागा कमी पडून राह्यली काय?"

पुढच्या खरिपात ते म्हातारे दुकानात आले आणि बॅग घेण्याआधीच म्हणाले, "उघडा." बाबांना अपमान वाटला, तरी त्यांनी उघडली. म्हाताऱ्यांनी शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळले आणि दुकानाच्या पायरीवर ठेवले. पाच दिवसांनी पोतं उलगडलं तेव्हा भोवती गर्दी जमली होती. म्हातारे एकेका कोंबावर बोट ठेवून मोठ्यानं मोजत होते. ऐंशीच्या पुढं गेल्यावर बाबाही त्यांच्या शेजारी उकिडवे बसले आणि त्यांच्या आवाजात आवाज मिसळून मोजू लागले.