कोरियन कट आणि करवंदांची पाटी

एकच दार माझ्याकडून पुन्हा पुन्हा उघडून घेणारा माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात माझ्या रूममेटशिवाय दुसरा सापडायचा नाही. मी हिंजवडीच्या ऑफिसातून दमूनभागून सूसच्या आमच्या फ्लॅटवर यायचो, बूट काढायला वाकायचो आणि हा आतून ओरडायचा, "थांब! परत बाहेर जा. दार असं उघडतात का?" तो मूळचा परभणीकडचा. जवळच्याच एका कॉलेजात सिनेमा शिकत होता. शिकत होता म्हणजे काय, तर एकच कोरियन मालिका आवाज बंद करून बघत होता. तिच्यात म्हणे एक बाई शहरातल्या घराचं दार लावते आणि तेच दार उघडतं तेव्हा ती तिच्या लहानपणच्या शाळेत उभी असते. "मधली सगळी वर्षं कापली, आणि तुला कळलंसुद्धा नाही! कळलं का?" असं तो माझ्या दहीभाताच्या घासागणिक विचारायचा. यावर हो म्हणावं की नाही, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

मालिकेची गोष्ट त्याला विचारायची सोय नव्हती. आमच्या बिल्डिंगमधल्या मुली तिच्या नायकासाठी उसासे टाकायच्या. याला त्या नायकाचं नावही ठाऊक नव्हतं. "गोष्ट काय, सगळ्यांकडेच असते. कुठं कापलंय ते बघ," म्हणायचा. डोळ्यांत पाणी मात्र त्याच्याही यायचं. एका बाईने ओतलेला चहा दुसऱ्याच गावातल्या कपात पडतो, एवढ्या एका जागी तो दर वेळी नाक ओढायचा. त्या मालिकेत आजचे प्रसंग निळसर आणि जुन्या आठवणी पिवळसर दिसतात, म्हणून त्याने एका रविवारी आमच्या हॉलची भिंत निळी रंगवून टाकली. घरमालक सूसचेच, जुने शेतकरी. ते दारातच थबकले. "ह्यो रंग कुनाला इचारून दिला?" याने शांतपणे सांगितलं, "काका, हा वर्तमानकाळ आहे." काकांनी भिंतीकडे पाहिलं, याच्याकडे पाहिलं आणि जरा घाबरूनच विचारलं, "आन् भूतकाळ कुटं हाय?" "स्वयंपाकघरात करायचाय." काका म्हणाले, "तितं काई लावू नगंस बाबा," आणि चहाही न घेता निघून गेले.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक छोटी फिल्म करायची होती. याच्या फिल्मची गोष्ट एका ओळीची होती: आई वाट बघते, मुलगा येतो. पण आई आणि मुलगा एका चौकटीत दिसणार नाहीत. एकाची नजर, दुसऱ्याची नजर, मधे कट, की झाली भेट. कोरियात असंच करतात म्हणे. आई शोधायला तो पौडच्या एसटी स्टँडवर जाऊन बसायला लागला. तिथे त्याला करवंदं विकून रिकामी पाटी घेऊन गाडीची वाट बघणारी एक म्हातारी भेटली. फोटो काढू का, म्हणून याने विचारलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. पुढचं सगळं त्याने मला साभिनय सांगितलं.

"आजी, त्या रस्त्याकडे बघा जरा."

"कुनाकडं बघू? कोन येतंय?"

"कोणी नाही. नुसतं बघा."

"कोन न्हाई, तर बघू कशाला? येडा हाय का तू?"

मग तिलाच दया आली असावी. "बरं, ऱ्हाऊ दे. माजा लेक चाकनला हाय कामाला. त्यो येतोय म्हनून बघते," म्हणाली आणि तिने अशी नजर लावली, की हा कॅमेरा विसरून स्वतःच त्या रस्त्याकडे बघायला लागला. शॉट हलला. दुसरा घ्यावा तर तिची गाडी लागली. कंडक्टरकडून वाडीचं नाव घेऊन हा पुढच्याच दिवशी मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या तिच्या वाडीवर हजर झाला. म्हातारीने आधी त्याच्याकडून सरपणाच्या मोळ्या वाहून घेतल्या आणि मगच ती रस्त्याकडे बघायला बसली. फिल्ममध्ये ती शेवटी जे सुंदर हसते, ते हसू हा कॅमेऱ्यासकट शेणात घसरला त्या क्षणाचं आहे. मुलगा अर्थातच मी. पुढच्या आठवड्यात सूसच्या स्टॉपवर त्याने मला बसमधून इतक्या वेळा उतरवलं, की रांगेतल्या एका बाईंनी शेवटी मला हाताला धरून बाजूला केलं.

फिल्म जोडून झाली आणि कॉलेजातल्या सरांनी ती अडवली. "दोघं एकत्र दिसणारा एक तरी शॉट हवा. नाहीतर भेट झाली यावर कोण विश्वास ठेवेल? तो घेऊन ये, नाहीतर वार्षिक शोमध्ये फिल्म लागणार नाही." रूममेट दोन दिवस जेवला नाही. मग नाइलाजाने कॅमेरा पिशवीत घालून तो मला वाडीवर घेऊन गेला. म्हातारीला मी पहिल्यांदाच बघत होतो. शॉट घेण्याआधी केलेलं काम तिला दाखवावं, म्हणून त्याने पालथ्या पाटीवर लॅपटॉप ठेवला आणि नीट दिसावं म्हणून दार लोटून घेतलं. पडद्यावर ती रस्त्याकडे बघत होती. बस थांबली. मी उतरलो आणि समोर बघितलं. ती हसली. एवढंच.

म्हातारीने पदराने डोळे टिपले आणि शेजारी बसलेल्या माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "लई उशीर केलास रं," म्हणाली.

फिल्म म्हणजे काय हे तिला नीट कळत होतं; तिच्याच खोलीत टीव्ही होता. तरी ती हात काढत नव्हती. रूममेटने लॅपटॉप मिटला आणि पिशवीची चेन ओढून घेतली. मी हळूच विचारलं, "आणि शॉट?"

"नको. आता काय घ्यायचं?"

फिल्म शोमध्ये लागली नाही. त्याचं त्याला फारसं दुःख झालेलं दिसलं नाही. पुढे त्याला मुंबईत एका मालिकेच्या एडिटिंगचं काम मिळालं आणि तो सामान बांधून गेला. त्याआधी भिंत आम्ही पांढरी करून दिली. आता फोन केला तर म्हणतो, सासू रागावली की तिचं तोंड तीनदा दाखवायचं, यातच दिवस जातो. ती कोरियन मालिका बघतोस का विचारलं, तर वेळ नाही म्हणतो.

मीच एकदा सुट्टीच्या दिवशी वाडीवर जाऊन आलो. म्हातारीने चहा केला, आणि विचारलं, "त्यो दुसरा कुटं हाय? त्याला सांग, ह्याला गाडीतनं उतरवलंस, आता तूबी एकदा ये." मी तसं त्याला फोनवर सांगितलं. त्याने आधी वाडीला गाडी किती वाजता असते ते विचारलं. मग म्हणाला, "येतो. सुट्टी मिळू दे."

त्याला अजून सुट्टी मिळालेली नाही. मी मधे पुन्हा जाऊन आलो. म्हातारी अंगणातच होती. तिने मला पाहिलं, मग माझ्या मागे रस्त्याकडे पाहिलं, आणि पाटी बाजूला सारून म्हणाली, "ये, बस."