मेव्हण्याच्या हातातला दोर

आग्या मोहोळ उठलं तेव्हा माझा नवरा सुळक्याच्या कड्यावर दोराला लटकला होता आणि माथ्यावर दोर धरून माझा भाऊ सोमा बसला होता. मध काढताना दोर बायकोच्या भावाकडेच द्यायचा, ही आमची रीत. बहीण विधवा होईल म्हणून तो सोडत नाही.

“सोमा, दोर झुडपाला बांध आणि पळ!” नवरा ओरडला, ते मला पायथ्याशी ऐकू आलं.

“झुडूप उपटून येईल, दाजी! तुम्ही गेलात तर ताई माझ्याच घरी येऊन भांडत बसेल. चढा!”

आता शहरातली पोरं खडकात खिळे ठोकून दोर बांधतात आणि सुळक्यावर पहिले आम्हीच चढलो म्हणतात. म्हणोत. खिळ्याला माशी चावत नाही. रीत घालणाऱ्यांनी बहिणीचं कुंकू तेवढं पाहिलं, तिचा भाऊ पाहिला नाही.

सोमा माथ्यावरच मेला. नवरा वाचला.