टेम्पोतली टॉकीज

नव्या घरात पहिल्याच दिवशी सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हाक मारली, "अगं, मोठं पातेलं कुठंय?" आणि हॉल म्हणाला, "कुठंय, ठंय, ठंय." त्या दचकून बाहेर आल्या. मग लक्षात आल्यावर मुद्दाम हॉलच्या मधोमध उभ्या राहून म्हणाल्या, "ओ हॉलबाई!" हॉलनं ओ दिली. मी जमिनीवर बसून पोट धरून हसत होते. बसायला दुसरं काही नव्हतंच.

घर हर्सूलला, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टची जागा होती, लिफ्ट यायची होती. बाल्कनीतून तलाव दिसतो असं बिल्डरनं सांगितलं होतं. नवऱ्यानं कठड्यावरून कमरेपर्यंत वाकून बघितलं, तेव्हा पाण्याची टाकी दिसली. तरी घर आपलं होतं, आणि आम्ही दोघं दिवसातून चार वेळा भिंतींना उगीचच हात लावून बघत होतो. सासूबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, गंगापूरकडच्या आमच्या गावाहून ज्वारीचं पोतं आणि लोणच्याची बरणी घेऊन आम्हाला घर लावून द्यायला आल्या होत्या. चार दिवस राहून परत जायचं असं ठरलं होतं. ऊस तोडणीला आला होता आणि मामंजी एकटेच होते.

नवऱ्याच्या मनात एक राखाडी रंगाचा कोपऱ्यात बसणारा सोफा होता. त्याच्या कंपनीतल्या सगळ्यांकडं तो आहे. मी म्हटलं, "अहो, मग आपल्या घरी येणाऱ्याला आपण तुमच्या साहेबांच्या घरी आलोय असं वाटंल." तो म्हणाला, "वाटू दे की, चांगलंच आहे."

माझी पॅथॉलॉजी लॅब शहागंजच्या बाजूला. दिवसभर लोकांचं रक्त तपासायचं आणि संध्याकाळी मागच्या गल्लीतून स्कूटीवर घरी यायचं. त्या गल्लीत जुन्या सामानाची दुकानं आहेत. पलंग, पंखे, आरसे, दारं, सगळं रस्त्यावर आलेलं. इतकी वर्षं मी तिथून नुसतीच जायचे. आता स्वतःचं घर झालं आणि गाडी आपोआप हळू व्हायला लागली.

पहिलं आणलं ते दुभत्याचं कपाट. जाळीच्या दारांचं, पिस्ता रंग फासलेलं, एक पाय जरा आखूड. हमालानं ते हॉलमध्ये टेकवलं आणि आत्यांनी पदर तोंडाला लावला.

"हे काय आणलं?"

"दुभत्याचं कपाट, आत्या."

"ते दिसतंय मला. कुणाचं हाय?"

"आता आपलं."

"तसं नाय गं. दुसऱ्याच्या घरातलं. तिथं काय काय झालं असंल. माणसं सुखात असती तर कपाट इकलं असतं कामून?"

आत्यांनी स्वतःच ते ओढत बाल्कनीत नेलं, सोड्याचं गरम पाणी ओतलं आणि घासायला बसल्या. मला वाटलं रागानं घासतायत. थोड्या वेळानं हाक आली, "अय, इकडं ये, लवकर!" पिस्त्याचा पापुद्रा सुटून खाली पोपटी रंग निघाला होता. आम्ही दोघी उलथनी घेऊन बसलो. पोपटीच्या खाली निळा निघाला. निळ्याच्या खाली काय असेल यावर आमची पैज लागली. मी म्हटलं गुलाबी. त्या म्हणाल्या लाकूड. लाकूडच निघालं, आणि ते सुद्धा सागवान. आत्यांनी त्याच्यावरून तळहात फिरवला आणि एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "हे लपवून ठेवलं व्हतं त्यांनी?"

संध्याकाळी नवरा वाळूजच्या कंपनीतून आला तेव्हा त्याच्या आईच्या केसांत तीन रंगांच्या टिकल्या होत्या. तो काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "लई गुणाचं कपाट हाय. कुणी नीट बघितलंच नाय त्याला."

दुसऱ्या दिवशी माझा डबा भरता भरता त्यांनी विचारलं, "तुझ्या त्या गल्लीत आज दुकानं उघडी असतेत का?"

मग काय! मी लॅबमधून सुटायचे आणि आत्या शहरबसनं येऊन चौकात माझी वाट बघत उभ्या असायच्या. कपाळावर नवी टिकली, हातात रिकामी पिशवी. आम्ही दोघी गल्लीत शिरायचो आणि मला परीक्षा संपल्यासारखं वाटायचं. आम्ही पितळी टोकांच्या खुंट्या आणल्या, दुधी काचेची दिव्याची चिमणी आणली, काठाला टवके उडालेल्या फुलाफुलांच्या चिनी मातीच्या बश्या आणल्या. येताना स्कूटीवर आत्या मागं बसून मांडीवर सगळं धरायच्या आणि प्रत्येक गतिरोधकावर आतल्या बश्यांना म्हणायच्या, "हळू गं बायांनो."

त्यातल्या एका दुकानाचे मालक पांढऱ्या दाढीचे चाचा होते. एकदा त्यांनी आत्यांपुढं एक पितळी समई ठेवली. "अम्माँ, ये निज़ाम के ज़माने का है. आँख मूँद के ले जाओ."

आत्यांनी डोळे मिटले नाहीत. समई उलटी केली, बुडाशी चिकटवलेला किमतीचा काळ्या रेघांचा स्टिकर नखानं उचकटला आणि चाचांसमोर धरला. "निजाम भी दुकान से लाता था क्या?"

चाचा इतके हसले की हातातला चहा बशीत, बशीतला सदऱ्यावर. त्या दिवसापासून आत्या आल्या की ते आधी खुर्ची पुसायचे आणि मग म्हणायचे, "अम्माँ, ये नया है, वो पुराना है, और वो मेरेकु भी नहीं मालूम." चार दिवसांचे पंधरा झाले होते. मामंजींचा फोन आला की आत्या म्हणायच्या, "घर लागायचंय अजून." ते खोटं नव्हतं.

एका शनिवारी चाचा म्हणाले, "पीछे गोडाऊन में आओ, एक चीज़ है." आम्ही गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये, मोडक्या खिडक्यांच्या मागं, एका पाडलेल्या टॉकीजमधल्या खुर्च्या होत्या. एकमेकींना जोडलेल्या चार खुर्च्यांची एक अख्खी रांग. लाकडी हात, लोखंडी पाय, मरून रेक्झीन, आणि पाठीवर पत्र्याचे छोटे नंबर. बैठक वर उचललेली असते, आपण हातानं खाली दाबून बसायचं, उठलं की ती धाडकन पुन्हा वर जाते.

आत्या बसल्या. उठल्या. धाड! पुन्हा बसल्या. पुन्हा धाड! मग चारी खुर्च्यांवर ओळीनं बसून आल्या, शेवटच्या खुर्चीवरून माझ्याकडं बघितलं आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी आधी कधी बघितलं नव्हतं. लहान मुलीला जत्रेत पाळणा वर पोचल्यावर येतं तसं काहीतरी.

"ही घ्यायची," त्या म्हणाल्या.

मी नवऱ्याला फोन लावला. तो म्हणाला, "अगं, घर आहे का टॉकीज?" आत्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "टॉकीज हाय. टेम्पोच्या मागं गाडी घेऊन ये."

टेम्पो आला. उघड्या हौद्यात खुर्च्या चढवल्या, पाठ ड्रायव्हरकडं आणि तोंड मागच्या रस्त्याकडं, दोरीनं घट्ट आवळल्या. ड्रायव्हरनं पुढचं दार उघडून धरलं. आत्या म्हणाल्या, "पुढं कामून? मागं खुर्च्या असताना?" आणि चाचांनी दिलेल्या स्टुलावर पाय ठेवून हौद्यात चढल्या, नऊवारी सावरून दुसऱ्या नंबरच्या खुर्चीवर बसल्या आणि शेजारची बैठक माझ्यासाठी खाली दाबून धरली. हे बरोबर नाही हे मला कळत होतं. मी चढले. स्कूटी चाचांच्या दुकानापुढंच राहिली.

असा शहागंज ते हर्सूल प्रवास मी पुन्हा कधी करणार नाही. टेम्पो हलला आणि सगळं शहर आमच्यासमोर पडद्यावर चालू झालं. घड्याळाचा मनोरा मागं मागं गेला. केळीवाले, रिक्षा, शाळेतून सुटलेली पोरं, बुरखेवाल्या दोन बाया, ज्यांनी आम्हाला बघून एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून हसायला सुरुवात केली. आत्यांनी त्यांना हात केला. त्यांनीही केला. एक रिक्षावाला आमच्या मागं आला, मान बाहेर काढून म्हणाला, "मावशी, कोणता पिच्चर चालू हाय?"

"तुमचाच!" आत्या ओरडल्या.

आणि ह्या सगळ्याच्या मधोमध, मोटारसायकलवर, हेल्मेटची काच खाली ओढून, आपण यांना ओळखत नाही अशा बेतानं येत होता माझा नवरा. आत्यांनी मला कोपर मारलं. "हिरो बघ. लाजतोय." दिल्ली दरवाजापाशी गर्दीत टेम्पो थांबला तेव्हा तो अगदी आमच्या पुढ्यात आला. शेजारच्या रिक्षातल्या एका बाईनं त्याला विचारलं, "ह्या कोण हो?" त्यानं काच वर केली, आम्हा दोघींकडं बघितलं, आणि इतका वेळ दाबून धरलेलं हसू त्याच्या तोंडातून फस्सकन बाहेर पडलं. "माझी आई," तो म्हणाला. "आणि बायको. शेजारच्या खुर्च्या रिकाम्या आहेत, बसा."

तिथल्या वाहतूक हवालदारानं शिट्टी तोंडापर्यंत नेली. आता खाली उतरवणार असं वाटलं. आत्यांनी हात जोडले. त्यानं मान हलवत टेम्पो बाजूला घ्यायला लावला आणि आम्हाला खरंच खाली उतरवलं. पुढचा रस्ता आम्ही ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीनं काढला, खालमानेनं, आणि एकमेकींकडं बघितलं की पुन्हा हसत.

इमारतीपाशी आल्यावर खरी गंमत झाली. पहिल्या मजल्यापर्यंत खुर्च्या गेल्या. तिथून जिन्याच्या वळणावर रांग जी अडकली, ती पुढं जाईना न मागं येईना. तळमजल्यावरचे काका बाहेर येऊन खालून सूचना द्यायला लागले, "डावीकडं घ्या! नाही, माझ्या डावीकडं!" हमालांनी घाम पुसला, नवऱ्यानं कपाळ पुसलं, आणि सगळे उद्या बघू म्हणून निघून गेले. जिना अर्धा बंद झाला. जो वर जाईल त्याला खुर्च्यांवरून चढून जायला लागायचं. आणि चढता चढता माणूस आपोआप बसायचा. दुसऱ्या मजल्यावरची बाई भाजीची पिशवी घेऊन आली आणि बसली. काका आले, बसले. मी चहा केला. इमारतीत राहायला येऊन इतके दिवस झाले होते, पण त्या लोकांची नावं मला त्या जिन्यातच कळली.

सगळे उठून गेल्यावर आत्या आणि मी दोघीच उरलो. त्यांनी लाकडी हातावर बोट फिरवलं.

"माह्या लग्नात पलंग माह्या बापानं घेतला," त्या म्हणाल्या. "भांडी मामानं. गावातल्या घरात जे हाय ते सासूनं घेतलेलं, नायतर तुझ्या मामंजींनी. टीव्ही पोरानं आणला. वाईट काहीच नव्हतं. पण मला कुणी इचारलं नाय, तुला काय पायजे. मला बी कधी वाटलं नाय की आपल्याला काय पायजे असंल."

मी त्यांच्या शेजारची बैठक दाबून बसले.

"आन पायजे असंल तर काय, टॉकीजची खुर्ची!" असं म्हणून त्या स्वतःच इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, मला पाणी आणायला वर पळावं लागलं, खुर्च्यांवरून चढून.

सकाळी नवऱ्यानं पाना आणला, आत्यांनी गंजलेल्या नटांवर खोबरेल तेल सोडलं, आणि दोन दोन खुर्च्या सुट्या करून आम्ही त्या वर नेल्या, पुन्हा जोडल्या, बाल्कनीकडं तोंड करून मांडल्या. नवरा ऐटीत मधोमध बसला. मी शेजारी बसले. आम्ही दोघांनी एकदमच पाठ टेकली आणि सगळी रांग आम्हाला घेऊन सावकाश मागं गेली. टॉकीजमध्ये ह्या खुर्च्या जमिनीत खिळलेल्या असतात, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी छताकडं बघत पडले होते, पाय वर, शेजारी नवऱ्याचे पाय वर, आणि कुठूनतरी हुंदक्यांसारखा आवाज येत होता. मी घाबरून मान वळवली. आत्या दुभत्याच्या कपाटाला धरून उभ्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, त्यांना हसता हसता बोलता येत नव्हतं. "पडला," एवढंच शेवटी आलं, "हिरो पडला!"

चाचांकडनं एक जुनं जाड दार आणलं, आडवं टाकलं आणि खुर्च्या त्यावर बोल्टनं कसल्या. तेव्हापासून त्या हलल्या नाहीत. राखाडी सोफ्याचं नाव नवऱ्यानं पुन्हा काढलं नाही. उलट संध्याकाळी तो घरी आला की दाराशी बूट काढता काढता विचारतो, "कुठली सीट?" दुसऱ्या मजल्यावरची बाई येते, काका येतात. समोर बाल्कनी, पाण्याची टाकी आणि तिच्यामागं मावळतीचं आभाळ. तेवढंच दिसतं. हल्ली मला ते पुरेसं वाटतं.

उसाला तोड लागली तेव्हा आत्यांना जावंच लागलं. आदल्या दिवशी त्या एकट्याच चाचांकडं गेल्या आणि एक लंबकाचं घड्याळ घेऊन आल्या, गावाकडच्या घरासाठी. कुणाला विचारलं नव्हतं. मध्यवर्ती बसस्थानकात त्यांनी ते चादरीत गुंडाळून बाळासारखं मांडीवर घेतलं. गंगापूरची एसटी सुरू झाली, कंडक्टरनं दोरी ओढली, आणि चादरीतून घड्याळ वाजायला लागलं. टण्, टण्, टण्. थांबेचना. बसमधले सगळे उठून बघायला लागले. कंडक्टर सीटखाली वाकला. आत्या खिडकीतून माझ्याकडं बघत होत्या, घड्याळाला छातीशी दाबून, ओठ घट्ट मिटून, खांदे गदगदा हलत. बस वळून गेली तरी मला तो आवाज ऐकू येत होता.

संध्याकाळी मामंजींचा फोन आला. "सूनबाई, तुझ्या सासूनं हे काय आणलंय? दुपारच्याला बारा वाजवतंय, तिन्हीसांजंला बी बारा वाजवतंय."

"काढून ठेवा म्हणू का त्यांना?" मी विचारलं.

मग ते म्हणाले, "नको. भिंतीवर लई शोभतंय." आणि मागून आत्यांचा आवाज आला, "तिला इचारा, चाचाकडं अजून काय आलंय!"