चुन्याच्या दोन खुणा

मला गाडी चालवता येत नाही, असा निकाल आमच्या घरात लागला तेव्हा माझे संत्र्याचे दोन हंगाम गाडीतून वाहून झाले होते. हे आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जीप मिलिटरीच्या लिलावातली, घर शहरात, महाल भागात आणि बाग खाप्याला, कन्हान नदीच्या वाळूपलीकडे. बाबांचे गुडघे धरल्यापासून स्टिअरिंग माझ्याकडे आलं होतं. पदर खोचलेली, पेट्या लादून संत्रा मार्केटात जाणारी बिनलग्नाची पोरगी काकाजींच्या डोळ्यांत खुपायची. काकाजी म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. त्यांना पगारी ड्रायव्हर हवा होता, फक्त निमित्त सापडत नव्हतं.

ते सापडलं. मागच्या ॲक्सलचं, म्हणजे चाकांच्या आसाचं, गिअर तुटलं. आमच्या मिस्त्रीनं कबाड्याकडून दुसऱ्या लिलावी जीपचा अख्खा ॲक्सल आणून बसवला. बोल्ट भोकांत चपखल गेले आणि सगळे खूश झाले. आमच्याकडे बोल्ट बसले की पाहायचं काही उरत नाही. काकाजींनी बोनेटपुढे नारळ फोडला.

डांबरी सडकेवर जीप झकास चालली. वाळूत मात्र पुढची चाकं जोडायचा दांडा ओढला आणि ती आखडली. एका जुवाला एक चालणारा आणि एक पळणारा बैल जुंपावा, तशी धक्के देत निघाली. पलीकडच्या कडक जमिनीवर चढले तर दांडा सुटेना. थोडी मागे घेतली तेव्हा खट्‌कन सुटला. गिअरबॉक्सला हात लावला तर चटका बसला. प्रत्येक खेपेला हेच.

"बाईच्या हातात गाडी दिली का असंच होते," काकाजी म्हणाले. "ड्रायव्हर ठेवू. हिच्याकडून चाबी काढून घे गा." आणि बाबांनी खरंच माझ्याकडून किल्ली घेतली. काकाजींचं बोलणं मला नवं नव्हतं, बाबांचं गप्प राहणं लागलं.

मिस्त्री समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, तुमी दांडा सडकेवर लावूनच ठेवत असान. लेडीज लोकांच्या ध्यानात राहत नाही."

मी दातओठ खाऊन घरी आले आणि विचार करत बसले. मागे घेतली की दांडा सुटतो, म्हणजे आत काहीतरी पिळून बसतंय. पिळलेल्या लुगड्याचा पीळ उलटा फिरवला की सुटतो, तसं. दांडा ओढला की पुढच्या आणि मागच्या चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, सारखेच फिरतात. मग चाकाच्या एका फेऱ्याला पुढच्या ॲक्सलला शाफ्टचे जितके फेरे लागतात, तितकेच मागच्यालाही लागायला हवेत. एकाला कमी, एकाला जास्त लागले तर पुढची आणि मागची चाकं आपसात भांडणारच. वाळूत चाकं घसरून निभावतात, कडक जमिनीवर कोणी माघार घेत नाही. ॲक्सल दिसायला सारखा होता, पण आतल्या गिअरचे दात कोणी पाहिले होते?

दुसऱ्या दिवशी बाबा आणि काकाजी गॅरेजात निघाले, तशी मीही न विचारता निघाले. काकाजी म्हणाले, "तुले काय काम आहे वं तिथं?" मी त्यांच्या पुढे चालू लागले.

मिस्त्रीची चुन्याची डबी मागून घेतली. जीपखाली सरपटत गेले, दोन्ही शाफ्ट फडक्यानं पुसले आणि दोघांवर खालच्या अंगाला चुन्याचं एकेक बोट ओढलं. मागच्या चाकावरही एक खूण केली. दांडा सोडलेला, गाडी न्यूट्रलला.

"आता ढकला," मी खालूनच ओरडले. "चाकाचा एक फेरा झाला का थांबा. काकाजी, तुमीही हात लावा."

काकाजींनी हात लावला. चाक एकदा फिरून थांबलं. मागच्या शाफ्टवरची खूण पुन्हा जमिनीकडे आली होती. पुढच्याची आभाळाकडे, पार उलटी. मिस्त्री वाकला आणि पाहतच राहिला.

"अर्ध्या चक्कराचा फरक," तो म्हणाला. "दात येगळे आहेत, काकाजी. गलती माही आहे. ताईंच्या हातानं काही बिघडलं नाही."

त्यानं पुढच्याशी जुळणारा ॲक्सल शोधून आणला, बसवला आणि ह्या वेळी स्वतःच चुना लावून पाहिला. दोन्ही खुणा बरोबरीनं फिरल्या. मला वाटलं, संपलं.

कसलं संपतंय! काकाजी धोतर झटकत म्हणाले, "ठीक आहे, गाडीत खोट होती. पण ड्रायव्हर तं ठेवाच लागन."

म्हणजे त्यांच्या लेखी खोट गाडीत नव्हतीच कधी, माझ्यात होती. माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी ड्रायव्हरच्या सीटवर चढून बसले आणि सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं म्हणाले, "ठेवा ना ड्रायव्हर! त्याले बसायले मागं पेट्यांवर जागा आहे. मी इथून उठत नाही."

बाबा गुडघ्यावर हात टेकत उठले, लंगडत जीपला वळसा घालून आले आणि माझ्या शेजारच्या सीटवर बसले. खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली.

"चाल वं," बाबा म्हणाले, "माल तोडून ठेवला आहे, उन्हात सुकून राहिला."