अंबाडीला उघडली तर वेबसाइट पास

बातमीचं एक बरं असतं. छापली की डोक्यातून जाते. किस्से कुणी छापत नाही, म्हणून ते साठत राहतात. तीस वर्षं भिवंडीत बातमीदारी करून माझ्याकडे जेवढे जमले नव्हते, तेवढे धामणकर नाक्याजवळच्या एका वेब डिझाइनच्या क्लासात तीन महिन्यांत जमले!

मी तिथे शिकायला गेलोच नव्हतो. भांडायला गेलो होतो. खाली यंत्रमागांचा खडखडाट आणि पहिल्या मजल्यावर बोर्ड: 'सात दिवसांत वेब डिझायनर बना!' असले बोर्ड बघितले की माझ्या डोक्यात तिडीक जाते. सरळ वर गेलो आणि शिकवणाऱ्या नाझनीन मॅडमना विचारलं, "सात दिवसांत काय शिकवता?"

मॅडम जेमतेम पंचवीस-सव्वीसच्या. शांतपणे म्हणाल्या, "पहिले सात दिवस तर मी कॉम्प्युटरला हातच लावू देत नाही. बोर्ड जागेच्या मालकाने लावलाय. त्याच्याशी भांडायचं तर मीपण येते. तोवर बसा. ही घ्या पेन्सिल."

बसलो. आणि बसूनच राहिलो.

*

माझ्या एका बाजूला हनीफचाचा. उभा जन्म मागांची दुरुस्ती करण्यात गेलेला माणूस. दुसऱ्या बाजूला वंदना, वज्रेश्वरीची. सकाळी गोदामात पॅकिंगची अर्धी ड्युटी, दुपारी क्लास. तिच्या सासरी दोन खोल्या आहेत. गरम पाण्याच्या कुंडांवर येणाऱ्या लोकांना राहायला देतात, जेवणही घालतात. त्याची वेबसाइट करायची म्हणून ती आलेली. पण सासऱ्यांनी अट घातली होती: "क्लास सरंपर्यंत त्या मोबाईलातून एक तरी गिऱ्हाईक घरी आण. न्हाय आणलं, तं क्लास बंद आणि गोदामात पुरी ड्युटी."

तिने हे सांगितलं तेव्हा माझंच रक्त उसळलं. म्हटलं, "मी येऊन बोलू का त्यांच्याशी?"

"नको सर. तुम्ही बोललात तर पुरी ड्युटी उद्याच सुरू होईल."

*

पहिला धडा कागदावरचा. मॅडमनी सगळ्यांना नाक्यावर पिटाळलं. दुकानांच्या पाट्या बघा आणि कुठल्या पाटीवर आधी काय वाचलं ते लिहून आणा!

मी वाद घातला. "वेब डिझाइन शिकायला आलोय की पाट्या रंगवायला?"

वंदना मात्र पानभर लिहून आली. एका पाटीवर मालकाच्या आजोबांचं नाव सगळ्यात मोठं, त्याखाली बापाचं, मग तिघा भावांचे फोटो. दुकानात काय मिळतं ते तिला रस्ता ओलांडून जवळ गेल्यावर दिसलं. खालच्या कोपऱ्यात!

मॅडम म्हणाल्या, "झालं. हीच चूक आपल्या पहिल्या पानावर करायची नाही. आलेला माणूस काय शोधतोय, ते आधी."

नवशिक्यांनो, ठासून सांगतो, हे तुम्हाला कुठलंही रेडीमेड टेम्पलेट शिकवणार नाही!

*

माझं पहिलं पान ऐका. मी जन्मभर लावलं तसंच लावलं. आठ कॉलम, वर आडवा मथळा, मध्ये चौकट. कॉम्प्युटरवर काय रुबाबदार दिसत होतं! मॅडमनी ते फोनवर उघडलं आणि हनीफचाचांच्या हातात दिलं.

चाचांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "साब, ये चींटियों का पेपर है क्या?"

मी भडकलो. "तीस वर्षं लोक माझं पान असंच वाचतायत!"

"सर, तेव्हा लोक दोन्ही हातांनी पान उघडायचे," मॅडम म्हणाल्या. "आता एक अंगठा असतो फक्त. आधी फोनचं पान करा, मोठा पडदा नंतर."

आठाचा एक कॉलम करताना माझ्या जिवावर आलं होतं.

*

खालच्या मागांमुळे क्लासात बोललेलं ऐकू यायचं नाही. मॅडमचे अब्बा मागांच्या कारखान्यातच राबलेले, त्यामुळे तिथली हातवाऱ्यांची भाषा त्यांच्या अंगवळणी पडलेली. तीच त्यांनी क्लासात आणली. पंजा उघडला की टॅग, म्हणजे अक्षरं कशी दिसावीत हे सांगणारा कोडमधला कंस, उघडायचा, मूठ वळली की बंद करायचा. तळहात आडवा फिरवला की फाइल सेव्ह करायची, कारण लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही.

एकदा मागांना सुट्टी होती. शांतता! मॅडम पहिल्यांदाच निवांत, तोंडाने शिकवत होत्या. दहा मिनिटांत चाचा वैतागून उभे राहिले.

"मॅडम, आवाज बंद करके पढ़ाओ ना. आज कुछ समझ में नहीं आ रहा!"

*

एके दिवशी वंदनाच्या पानावर मधूनच सगळी अक्षरं थोराड झाली. पत्ता थोराड, जेवणाची यादी थोराड. मॅडमचा नियम होता, पहिली दहा मिनिटं मदत मिळणार नाही. वंदना रडकुंडीला आली. मी तीनदा वाचून काढलं, काही सापडेना.

चाचा उठले. स्क्रीनवर वरून खाली हळूहळू बोट फिरवत गेले, मागावरच्या ताण्यात तुटका धागा शोधताना फिरवतात तसं. एका ओळीवर थांबले.

"इधर तार टूटा है."

खरंच, मथळ्याचा टॅग बंदच केला नव्हता! मी चाट. "चाचा, तुम्हाला इंग्रजी वाचता येतं?"

"नहीं साब. लेकिन जो खुला है, उसको बंद होना मंगता."

*

वंदनाने पहिल्यांदा साइटवर टाकलेला फोटो होता परदेशातल्या कुठल्यातरी निळ्याशार पोहण्याच्या तलावाचा. इंटरनेटवरून उचललेला! त्या दिवशी मी आणि मॅडम, दोघेही तिच्यावर तुटून पडलो. दुसऱ्याचा फोटो उचलणं ही चोरी, आणि नसलेला तलाव दाखवणं ही थाप. माणूस एकदा फसला की परत येत नाही, वर दहा जणांना सांगतो.

मग तिने सासूचा फोटो काढला, तव्यावर तांदळाची भाकरी टाकताना. सुंदर फोटो. पण एवढा जड, की क्लासातसुद्धा रखडत उघडायचा.

मॅडमची परीक्षा ठरलेली. वज्रेश्वरीच्या वाटेवर अंबाडीच्या आसपास बसमध्ये वंदनाच्या फोनचं नेटवर्क मरतुकडं व्हायचं. "तिथे उघडली तर पास!" वंदनाने घरी जाताना अंबाडीला साइट उघडली. आधी सासूचा पदर आला. मग बराच वेळ काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने रिपोर्ट दिला, "मॅडम, भाकरी दिसली तेव्हा मी वज्रेश्वरीला उतरत होते."

फोटो लहान केला. पुढच्या खेपेला बस अंबाडीला थांबायच्या आत भाकरी हजर!

*

शेवटचा आठवडा आला. साइट बघून आलेला फोन एकही नाही. शेवटी मला राहवलं नाही. तिच्या गोदामाला सुट्टी होती त्या सकाळी, तिला न सांगता वज्रेश्वरीची बस पकडली. म्हटलं, सासऱ्यांशी आज भांडणच करतो.

चौकशी केली तर ते स्टँडवरच सापडले. टोपी, खांद्यावर टॉवेल. येणाऱ्या प्रत्येक बसपुढे खणखणीत आवाज: "रूम पायजे काय, रूम? गरम जेवान हाय!"

मी ओळख दिली आणि सुरू केलं, "तुमची सून एवढं शिकतेय, आणि तुम्ही..."

"साहेब," त्यांनी मला मध्येच तोडलं. "मी चाळीस वर्सां या स्टँडवर बोंबलतोय. मान्सां आवाजावर येतात. मोबाईलात बघून कोन येतो?"

तेवढ्यात बस आली. नवरा, बायको, दोन मुलं उतरली. म्हातारबा धावले. "रूम पायजे काय?"

"नको काका," नवरा म्हणाला. "आम्ही वेबसाइट बघून आलोय. नंबर आहे आमच्याकडे."

"बघा, कुनी फसवंल तुमाला!"

त्याने लक्ष दिलं नाही. फोन काढला, नंबर लावला.

म्हातारबांच्या खिशात फोन वाजला.

त्यांनी तो काढला, पाठ फिरवून कानाला लावला. "हालो! कोन?"

मागून दोन हातांवरून आवाज आला, "आम्ही स्टँडवर पोचलोय. घर कुठे आहे?"

म्हातारबांनी वळून त्या माणसाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग फोनमध्येच खणखणीत आवाजात म्हणाले, "हाय तिथंच थांबा! मानूस पाठवतो!"

फोन खिशात टाकला, टोपी नीट केली, दोन पावलं पुढे येऊन बाईंच्या हातातली बॅग घेतली आणि म्हणाले, "चला."

मी मागोमाग निघालो. भांडायचं राहूनच गेलं होतं. गल्लीच्या तोंडाशी पोचताच त्यांनी घराच्या दिशेने हाक घातली.

"वंदे! चार मान्सां आलीत! भाकऱ्या तुझी सासू टाकंल, तू क्लासची बस पकड!"