द्वारकावहिनींचा अंदाज

दिगंबरचं पोस्टकार्ड लातूरला आलं तेव्हा मी दवाखान्यात औषधं तोलत होतो. ‘तुझी वहिनी मंगळवारी गेली. त्रास झाला नाही.’ एवढंच. खाली अर्धं कार्ड कोरं... त्याला आता दीड महिना झाला. ती कोरी जागा मनातून हलत नाही, म्हणून लिहितो आहे.

माझा मित्र दिगंबर नांदेडला मास्तर, मी लातूरला कंपाउंडर. निजामी अंमलाच्या शेवटच्या वर्षांत आम्हा दोघांना एकच नाद लागला होता, घरी विजेची कॉइल बनवायचा. लोखंडी तारांच्या जुडग्यावर आधी जाड तार, मग कागद आणि मेण, आणि त्यावर केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. मोटारीच्या बॅटरीवर ती चालवली की दोन पितळी सुयांमधून निळी ठिणगी उडी मारायची. सुया हळूहळू दूर ओढायच्या. ठिणगी तुटेपर्यंत जेवढं अंतर गाठलं, तेवढी ती कॉइल थोर. अंतर बोटांनी मोजायचं, आणि कळ दाबण्याआधी आपला अंदाज बोलून दाखवायचा, अशी आमची शर्त. आम्ही वेढे मोजून गणित मांडायचो आणि दोघंही फसायचो. चार म्हणावं तर अडीच यावं. दिगंबरच्या कॉइलची तार त्याच्या बायकोच्या, द्वारकावहिनींच्या हातची. स्वयंपाक आवरला की त्या दुपारी उंबऱ्याशी बसून गुंडाळायच्या. तार कुठं तुटली, मेण कुठं पातळ लागलं, सगळं त्यांच्या बोटांना ठाऊक. आतूनच म्हणायच्या, “तीन न्हाई होत. दोन आन् वर थोडं.” आणि तेवढंच व्हायचं. दिगंबर चिडायचा, “तुला कसं कळतं?”

“तुमी वेढे मोजता. मी सांधे मोजते.”

लातूरला माझी तार माझी बायको, सुभद्रा, गुंडाळायची. अर्धी कॉइल झाली आणि नऊ दिवसांच्या तापात ती गेली. राहिलेली मी पुरी केली... घाईनं, रागानं म्हटलं तरी चालेल. तिच्या हातच्या कॉइलनं सगळ्यांत लांब ठिणगी द्यावी, एवढंच डोक्यात. जुन्या धोतरात गुंडाळून, मांडीवर घेऊन मोटारीनं नांदेडला नेली.

“पाच बोटं,” मी म्हणालो. दोन बोटांवर ठिणगी झकास उडत होती. वहिनी बाहेर आल्या, कॉइलपाशी वाकून आतली बारीक चटचट ऐकत राहिल्या. “भाऊजी, आत पाल चुकचुकून राहिलीय. दोनाच्या पुढं ताणू नका.”

मी ऐकलं नाही. तीन... साडेतीन... आणि ठिणगी विझली. आत फट्‌कन आवाज झाला, जळक्या मेणाचा वास घरभर पसरला. “तिचं होतं ते, वहिनी,” एवढंच मला बोलता आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉइल उकलायला घेतली. मी नको म्हणालो. सुभद्रेचे वेढे सुटताना मला पाहवणार नव्हते. “तुमी नुसती तार धरा,” त्या म्हणाल्या. मी रजा वाढवली. चार दुपारी त्या उकलत होत्या, मी रिळावर घेत होतो, आणि त्या सुभद्रेबद्दल विचारत होत्या. रागावली की काय करायची, हसायची कशावर... तिला जाऊन सात महिने झाले होते. घरचेसुद्धा माझ्यापुढं तिचं नाव काढायला भ्यायचे. मी बोलत गेलो, रडलोही. वहिनींचे हात थांबले नाहीत.

चौथ्या दुपारी काळा पडलेला सांधा सापडला. त्याखाली मेणाचा पिवळा, गुळगुळीत थर. वहिनींनी त्यावरून बोट फिरवलं.

“इथून खाली सुभद्रेचं. एक वेढा जळला न्हाई. जळलं ते तुमच्या हातचं हाय, भाऊजी.”

मला लागलं ते. आणि जीव हलकाही झाला.

वरचे वेढे त्यांनी नव्यानं घातले. मेण मात्र मला लावायला लावलं, थरामागून थर, सावकाश. कळ दाबण्याआधी म्हणाल्या, “सांगा.”

“अडीच.”

“तीन,” वहिनी म्हणाल्या.

तीन बोटांवर ठिणगी स्वच्छ उभी राहिली. “अजून जरा ओढ की!” दिगंबर ओरडला. मी कळ बंद केली.

वहिनींनी ताटं वाढली. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी. सुभद्रा गेल्यापासून मी ताटावर बसायचो आणि दोन घास मोडून उठायचो. त्या दिवशी मी भाकरी मागून घेतली. वहिनी चुलीकडं वळल्या आणि आणखी एक थापायला घेतली.