काचेतलं बाळ

विनिताचे वडील गिरगावात कीर्तनं करायचे. तिने मात्र विमा कंपनीत नोकरी धरली आणि लग्नानंतर केतनबरोबर उपनगरातल्या पूनम सागर वसाहतीत राहायला आली. नवी इमारत, नवे शेजारी, आणि जिवाला सारखी कसली तरी रुखरुख. एका जागी बसवतच नसे तिला.

पंच्याण्णव सालच्या मार्चात केतनने मित्राकडून एक व्हिडिओ कॅसेट आणली. जपानी कार्टून सिनेमा, पण मोठ्यांसाठीचा. भाषेचं अक्षर कळत नव्हतं, तरी विनिता खिळून बसली. समुद्रात बुडत चाललेलं शहर. यंत्राची एक बाई, तिच्या पोटाच्या जागी काच, काचेत झोपलेलं बाळ. बाई थकून थांबली की डोक्यामागे उजेडाचं वर्तुळ फिरायचं, तसबिरीतल्या देवांच्या असतं तसं. सैनिकांनी तिला हात पसरून खांबाला बांधलं, तेव्हा विनिताला उत्तनच्या चर्चमधला क्रूस आठवला. ती सुटून गळ्याएवढ्या पाण्यातून निघाली, तेव्हा वसुदेव. शेवटी तिने स्वतःच काच फोडली, बाळ हातात घेतलं आणि टेप संपली. पुढचं रेकॉर्डच झालेलं नव्हतं.

"अरे, पण बाळ जगलं का?"

"कार्टून आहे गं ते," केतन हसला.

विनिताला काही चैन पडेना. भाजी करपली, ऑफिसात दोनदा बोलणी खाल्ली.

रामनवमीला कीर्तनकारबुवांचा घसा बसल्याचा निरोप आला. सोसायटीच्या मंडपात बायका जमलेल्या. सेक्रेटरी धावत आले. "वहिनी, तुमचे वडील कीर्तनकार होते ना? बाराला पाळणा हलवायचाय. तोवर काहीतरी सांगा, प्लीज!"

ती उभी राहिली ती रामजन्म सांगायलाच. पण कौसल्येच्या नावाने सुरुवात केली आणि बोलता बोलता यंत्राची बाईच तोंडी आली. वडिलांचे हातवारे, वडिलांचे थांबे, सगळं अंगात आलं.

"हे कुठल्या पुराणातलं?" मागून कुणीतरी विचारलं.

"जपानमधलं," ती म्हणाली. काहीजण हसले, एकदोघे उठूनही गेले. बाकीचे हलले नाहीत. विनिता काच फुटण्यापर्यंत आली आणि थांबली. बारा वाजत आले होते, पाळण्याची दोरी हातात धरून बायका खोळंबलेल्या.

जवळच्या खारी गावाहून इमारतीतल्या लेकीकडे आलेल्या रखमाबाई पुढेच बसल्या होत्या. त्यांना राहवेना. "बाय गो, पोर जगलं का न्हाय ते सांग आदी!"

"जगलं," विनिता म्हणाली. "डोळे उघडले त्याने."

गुलाल उडाला, पाळणा हलला. रखमाबाईंनी डोळे पुसले. विनिताला मात्र सारखं वाटत राहिलं, माहीत नसताना आपण देवापुढे सांगून बसलो!

मग तिने केतनच्या मागे भुणभुण लावली. दिवाळीत पूर्ण कॅसेट मिळाली. बाळाने डोळे उघडले नाहीत. बाई त्याला उराशी धरून पाण्यातून चालत राहिली, एवढंच.

विनिता रिक्षाने खारीला गेली आणि रखमाबाईंना सगळं खरं सांगून आली. म्हातारी संतापली. "मंग माज्यासमोर खोटं कशाला बोललीस?" चहासुद्धा विचारला नाही.

पंधरवड्याने मात्र लेकीच्या हाती निरोप आला: शनिवारी घरी भजन हाय, ती बुडालेल्या गावाची गोष्ट नीट, खरी सांगायला ये. विनिता गेली. त्यानंतर शनिवारी ती घरी सापडेनाशी झाली. कधी खारी, कधी तारोडी, बोलावतील तिथे कथा सांगायला जायची. मूळची बेचैन ती बेचैनच राहिली. पण आता तिच्या घालमेलीला उभं राहायला एक जागा मिळाली होती.